मुलाला दोन मापे नकोत

लग्नघरातला प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पंगती उठल्या आहेत, पाहुणे निवांत टेकले आहेत आणि कुणीतरी मामा आठ-नऊ वर्षांच्या भाचीला जवळ बोलावून विचारतो, "काय गं, यंदा कितवा नंबर आला?" या मुलीच्या शाळेत नंबर काढतच नाहीत. तिने या वर्षी दोरीने आणि पावलांनी शाळेचे मैदान मोजले आहे, त्याचा नकाशा काढला आहे, आठवडी बाजारात फिरून भाज्यांचे भाव वहीत टिपले आहेत. सांगण्यासारखे तिच्याजवळ पुष्कळ आहे, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नाही. ती आईकडे बघते. आई ओशाळून म्हणाली, "त्यांच्याकडे तसलं काही नसतं, पाचवीला दुसरीकडे घालणार आहोत," तर मुलीला तिथल्या तिथे कळते की आपण वर्षभर केले ते घरच्यांच्या लेखी मोजण्याजोगे नव्हते. आई म्हणाली, "मैदान कसं मोजलंस ते सांग ना मामाला," तर तेच वर्षभराचे काम तिला चारचौघांत बोलून दाखवण्याजोगे वाटू लागते. दोन्ही वेळा मुलगी तीच आणि शाळाही तीच. फरक आहे तो घराने तिच्या शिकण्याला लावलेल्या मापाचा.

प्रयोगशील शाळांविषयी आपल्याकडे बरेच लिहिले जाते. त्यात अशा शाळेत मुले मोकळी होतात, त्यांच्यात आत्मविश्वास येतो, हे वाक्य हटकून असते. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. शाळेत आलेला आत्मविश्वास रोज संध्याकाळी घरी जातो आणि तिथे त्याची पारख होते. शाळेचे माप एक आणि घराचे दुसरे असेल, तर मूल दोन्हीकडे अपुरे ठरते. शाळेत ते फुलते आणि घरात चाचपडते. हळूहळू त्याचा शाळेवरचा विश्वास डळमळतो, आणि शाळेच्या जोरावर स्वतःवर बसलेला विश्वासही. म्हणून माझे म्हणणे असे की कुटुंबाचा पाठिंबा हा अशा शिक्षणाचा कणा आहे, शोभेची जोड नव्हे. आणि कणा असल्यामुळेच तो पालकांकडून गृहीत धरता येत नाही. तो मिळवणे हे शाळेचे काम आहे, अगदी वाचन-गणिताइतके मूलभूत.

आधी आत्मविश्वास म्हणजे काय ते नीट पाहायला हवे, कारण हा शब्द आपण सैलपणे वापरतो. स्नेहसंमेलनात न घाबरता भाषण ठोकणे, पाहुण्यांपुढे कविता म्हणून दाखवणे याला आपण आत्मविश्वास म्हणतो. तो धीटपणा झाला. शिकण्याच्या कामी येतो तो विश्वास वेगळा असतो: हे मला आज येत नाही, पण मी खटपट केली तर येईल. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये या विश्वासाची मांडणी केली आणि त्याचे चार झरे सांगितले. पहिला आणि सर्वांत बळकट झरा म्हणजे स्वतः केलेले अवघड काम तडीस जाण्याचा अनुभव. दुसरा, आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहणे. तिसरा, जवळच्या माणसांचे शब्द. चौथा, त्या वेळची शरीराची आणि मनाची अवस्था, म्हणजे भीती, धडधड, थकवा किंवा उत्साह. चांगली प्रयोगशील शाळा यांतल्या पहिल्या झऱ्यावर उभी असते. शिरूर तालुक्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या, परीक्षेत नापास झालेल्या मुलांना तिथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, पशुपालन असे हातचे काम शिकवले गेले, आणि तेही गावाला खरोखर लागणाऱ्या कामातून. ज्याने आठ-दहा वर्षे 'तुला येत नाही' एवढेच ऐकले, त्याने जोडलेला लोखंडी सांधा जेव्हा भार पेलतो, तेव्हा त्याला शाबासकीची वाट पाहावी लागत नाही. तो सांधाच त्याला सांगतो की तुला आले.

घराचा प्रश्न तिसऱ्या झऱ्यापाशी येतो. बँडुरा यांचे एक निरीक्षण इथे कळीचे आहे: नुसत्या शब्दांनी कुणाच्या मनात टिकाऊ विश्वास उभा करणे कठीण, पण शब्दांनी तो मोडणे सोपे. म्हणजे आईबापांनी कितीही वेळा 'तू करशील रे' म्हटले, तरी प्रत्यक्ष काही जमल्याचा अनुभव नसेल तर ते बोल हवेत विरतात. उलट, वर्षभराच्या अनुभवाने जे घडले ते जेवताना सहज निघालेल्या एका वाक्याने ढासळू शकते. 'शेजारच्या बंटीला सतरापर्यंत पाढे येतात, तुम्ही नुसती चित्रं काढता,' हे ते वाक्य. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण मूल त्यातून उचलते ते एवढेच की मला जे येते ते धरायचे नाही आणि जे धरायचे ते मला येत नाही.

कौतुकाचेही तसेच आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. काही मुलांना 'तू हुशार आहेस' असे म्हटले गेले, काहींना 'तू मेहनत घेतलीस' असे. पुढे मुद्दाम अवघड कोडी देऊन सर्वांना अपयशाची चव दिली, तेव्हा हुशार म्हणवलेली मुले लवकर हिरमुसली, त्यांची चिकाटी कमी पडली आणि नंतरच्या सोप्या कोड्यांतही ती मागे गेली. या विचारावर बेतलेले कार्यक्रम शाळाशाळांतून राबवले तर किती फरक पडतो, यावर पुढे अभ्यासकांत मतभेद झाले आणि ते रास्त आहेत. पण आपल्या मुद्द्यापुरती गोष्ट स्पष्ट आहे. घरातले कौतुकदेखील मूल स्वतःला कोणत्या मापाने मोजणार हे ठरवत असते. शाळा प्रयत्नाला दाद देते आणि घर हुशारीला, म्हणजे इथेही मापे दोनच झाली.

मग घरे अशी का वागतात? प्रयोगशील शिक्षणाच्या वर्तुळात याचे एक तयार उत्तर असते: पालक अजून जुन्या चौकटीत अडकले आहेत, त्यांचे प्रबोधन केले पाहिजे. हे उत्तर मला अन्यायाचे वाटते. पालकांच्या शंकेमागे बहुतेक वेळा अज्ञान नसते, इतिहास असतो. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींच्या पुढाकाराने नई तालीमची कल्पना पुढे आली. हाताच्या उद्योगातून शिक्षण, हे तिचे सार. कल्पना मोठी होती. पण ज्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हाताचे काम हे जातीने लादलेले ओझे होते, त्या घरातल्या बापाने शाळेत मुलाच्या हाती टकळी किंवा कुदळ पाहिली तर त्याला स्वावलंबन आठवेल, की ज्यातून सुटण्यासाठी मुलाला शाळेत घातले तेच पुन्हा समोर आलेले दिसेल? कागद, लेखणी, इंग्रजी आणि पास झाल्याचा दाखला ही या घरांसाठी सुटकेची साधने होती आणि आजही आहेत. पांढरपेशा घराची भीती वेगळी, पण तीही पोकळ नाही. दहावीचा निकाल, अकरावीचा प्रवेश, नोकरीच्या अर्जावरचा टक्केवारीचा रकाना हे सारे खरे आहे. शिवाय शाळेच्या दृष्टीने जो प्रयोग दरवर्षी नव्या वर्गावर करता येतो, तो आईबापांच्या दृष्टीने एकाच मुलावर एकदाच होणार असतो. एवढी जोखीम घेणाऱ्याने प्रश्न विचारले, तर तो त्याचा अधिकार आहे.

आपल्याकडच्या ज्या शाळांनी घरांचा विश्वास खरोखर कमावला, त्यांनी हा अधिकार आधी मान्य केला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम याचा उत्तम दाखला आहे. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभे केले. मुले शाळेत येत नव्हती, कारण घरची गुरे चारायला दुसरे कुणी नव्हते. 'पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही' असा शेरा मारून दोघींना मोकळे होता आले असते. त्यांनी शाळाच कुरणात नेली. गुरे चरताहेत, मूल राखण करते आहे आणि तिथेच दगड, पाने, बिया मोजत त्याचे शिकणे चालू आहे, ही झाली कुरणशाळा. धाकट्यांसाठी पाड्यावरच्या अंगणात जमवलेली शाळा म्हणजे अंगणवाडी. 'आम्हाला पाठिंबा द्या' असे सांगण्याआधी या शाळांनी त्या घराच्या गरजेला पाठिंबा दिला. आईच्या डोळ्यांदेखत अंगणात भरणाऱ्या शाळेबद्दल तिला वेगळे पटवून द्यावे लागत नाही. मूल काय करते आहे हे ती चूल सांभाळता सांभाळता पाहत असते. घर आणि शाळा यांचे माप एक होण्याचा याहून साधा मार्ग मला माहीत नाही.

पुढच्या काळातली उदाहरणे याच वाटेने जातात. अमेरिकेतून येऊन भारताच्या नागरिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणमध्ये काम सुरू केले ते दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवण्यापासून. कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यानंतर, १९८६ मध्ये उभी राहिली. वस्तीत आधी मुलाला वाचता येऊ लागले, मग शाळा आली, हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्या घरात कुणी वाचत नव्हते तिथे मूल पाटीवरचा शब्द वाचू लागले, की तत्त्वज्ञान समजावण्याची गरज उरत नाही. नर्मदेच्या खोऱ्यात, सातपुड्याच्या दुर्गम गावांत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा निघाल्या. गावांनी त्या आपल्या श्रमांतून उभ्या केल्या, पावरी-भिलोरीसारख्या मुलांच्या घरच्या बोलींना वर्गात जागा मिळाली, आणि गावातल्याच तरुणांनी शिकवायला घेतले. शाळा जेव्हा आजीची बोली बोलते, तेव्हा आजी शाळेची परकी राहत नाही. आणि मुलाला बँडुरा यांचा दुसरा झराही घरच्या अंगणात सापडतो, कारण शिकवणारा आपल्याच पाड्यावरचा, आपल्यासारखाच असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पर्यायी शाळा हे शहरी सुखवस्तूंचे चोचले आहेत, गरिबाला नंबर आणि मार्कच लागतात. आज काही महागड्या शाळा हा शब्द जाहिरातीसाठी वापरतात, हे खरे आहे. पण वर दिलेली पाबळ, कोसबाड, फलटण, सातपुडा ही नावे पुन्हा वाचा. महाराष्ट्रातल्या पर्यायी शिक्षणाची मोठी परंपरा ज्यांना प्रस्थापित शाळेने दारातच अडवले किंवा मधेच गाळले, त्यांच्यासाठी उभी राहिली. शिवाय हा विषय आता मूठभर शाळांचा राहिलेला नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलम मुलाला भय, दडपण आणि चिंता यांपासून मुक्त ठेवून शिकवावे असे सांगते, आणि शक्य तिथे मातृभाषेतून. विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे २१ वे कलम म्हणते. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालयात किंवा पुण्यात १९९२ पासून अक्षरनंदन शाळेने ज्या वातावरणाचा आग्रह धरला, त्याचा मोठा भाग आज जिल्हा परिषदेच्या शाळेलाही कायद्याने लागू आहे. म्हणून घराचे माप बदलण्याचा प्रश्न आता साऱ्यांचाच झाला आहे.

दुसरा आक्षेप जास्त कसाचा आहे. गोड वातावरणात वाढलेला आत्मविश्वास बाहेरच्या स्पर्धेत टिकेल का, की तो फुगा ठरेल? इथे प्रयोगशील शाळांनीही प्रामाणिक व्हायला हवे. 'मूल आपल्या गतीने शिकेल' या वाक्याआड कधी कधी न शिकणे लपते. चौथीतल्या मुलाला सलग उतारा वाचता येत नसेल आणि शाळा ते पालकांना सांगत नसेल, तर ती मुलाचा आत्मविश्वास जपत नाही, त्याची फसवणूक करते. काम खरोखर जमले नसताना दिलेली शाबासकी मुलाला लगेच ओळखू येते. मात्र यावरून नंबर आणि मार्क यांनी शिकणे पक्के होते असा निष्कर्ष काढणे चूक आहे. मुलांच्या वाचन-गणिताची चाचणी घेणाऱ्या 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम ४३ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, आणि ही मुले बहुतांशी रुळलेल्या वाटेच्या शाळांतली आहेत. करोनाकाळात बंद राहिलेल्या शाळांचा त्यात वाटा आहे, पण २०१८ मध्येही हा आकडा निम्म्याच्याच आसपास होता. खरा आत्मविश्वास आणि खरे कौशल्य ही एकाच झाडाची फळे आहेत. वर सांगितलेल्या फलटणच्या आणि पुण्याच्या शाळांतली मुले राज्य मंडळाचीच दहावी देतात. परीक्षा द्यायला कुणाचाच विरोध नाही. विरोध आहे तो पहिलीपासून प्रत्येक संध्याकाळ परीक्षेच्या मापाने मोजण्याला.

तिसरा आक्षेप असा: शिकलेले आईबाप असतील तर ठीक, जे अंगठा उठवतात त्यांनी पाठिंबा द्यायचा कसा? या प्रश्नात एक गैरसमज दडला आहे. पाठिंबा म्हणजे गृहपाठ करून घेणे, असे आपण धरून चालतो. चार्ल्स डेस्फर्जेस आणि अल्बर्टो अबूशार यांनी ब्रिटिश शिक्षणखात्यासाठी २००३ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांना दिसले ते असे की पालकांचा सहभाग मुलाच्या प्रगतीला पोचतो तो मुख्यतः घरातून: मुलाशी होणाऱ्या बोलण्यातून, त्याच्याविषयीच्या अपेक्षांतून, शिकण्याला घरात असलेल्या किमतीतून. 'आज काय केलंस? कुठं अडलं? मग काय केलंस?' हे तीन प्रश्न विचारायला अक्षरओळख लागत नाही. उलट प्रयोगशील शाळेतले बरेचसे काम निरक्षर घराच्या जास्त जवळचे असते. बियाणे कसे निवडतात, गाभण म्हैस कशी ओळखावी, भिंत ओळंब्यात आहे की नाही हे कसे पाहावे, हे विचारायला मूल घरी आले, तर आईबाप त्याचे शिक्षक होतात. आपल्या घरात शाळेला उपयोगी पडेल असे ज्ञान आहे, हे कळलेल्या मुलाचा ताठ कणा पाहण्यासारखा असतो.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटी राहतो. ज्याच्या घरातून पाठिंबा मिळणारच नाही, त्या मुलाचे काय? घर व्यसनात बुडालेले असेल, मुलीचे लग्न उरकायच्या घाईत असेल किंवा मुळात घरच नसेल, तर 'कुटुंब हा कणा' हे माझे म्हणणे त्या मुलावर दुहेरी अन्याय करील. याचे उत्तर आपल्या पहिल्या पर्यायी शाळेच्या इतिहासात आहे. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा जोतिरावांच्या वडिलांनीच त्यांना घराबाहेर काढले. त्यांना आसरा दिला उस्मान शेख यांनी. १८५६ मध्ये आजारपणात माहेरी असताना सावित्रीबाईंनी जोतिरावांना पत्र लिहिले. भावाने त्यांच्या कामावर घेतलेले आक्षेप आणि त्याला आपण दिलेले उत्तर त्यात आहे. घर विरोधात होते, म्हणून त्यांनी घराशी बोलणे सोडले नाही. आणि दरम्यान जिथून मिळेल तिथून दुसरे घर जोडले. मातंग समाजातले लहुजी वस्ताद साळवे या कामाच्या पाठीशी उभे राहिले. १८५५ मध्ये फुल्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, म्हणजे ज्यांची मुले शिकत होती ते मोठेही शिकू लागले. त्याच वर्षी मुक्ता साळवे या त्यांच्या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास, अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या मुलीने धर्माच्या नावावर चाललेल्या अन्यायाला छापील शब्दांत जाब विचारला. आत्मविश्वास या शब्दाचा याहून मोठा पुरावा मराठीत शोधावा लागेल. तो एका मुलीच्या हिमतीतून आला तसा तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या माणसांतूनही आला. रक्ताचे घर पाठीशी नसेल तिथे शेजार, वस्ती, शिक्षक, मोठे विद्यार्थी यांचे घर उभारणे हे शाळेचेच काम ठरते. कणा जिथे मोडका आहे तिथे आधाराची पट्टी बांधावी लागते, 'तुला कणा नाही' असे सांगून भागत नाही.

या सगळ्यातून दोन्ही बाजूंवर जबाबदारी येते. पालकांना शाळेची प्रत्येक गोष्ट पटली पाहिजे असे नाही. पटली नाही तर शंका शाळेकडे न्यावी, शिक्षकांना रोखठोक विचारावे, समितीच्या सभेत उभे राहून बोलावे. मात्र ती शंका मुलाच्या पाठीवर लादून शाळेत पाठवू नये. जी जोखीम मोठ्यांनी पत्करली, तिची धाकधूकही मोठ्यांनीच सोसायची. शाळेने घरापुढे मुलाचे शिकणे उघडे ठेवावे. जूनमधली वही आणि फेब्रुवारीतली वही शेजारी ठेवून दाखवावी. 'सर्वांगीण विकास' हे शब्द बाजूला ठेवून साध्या भाषेत सांगावे, काय येते, काय येत नाही, त्यासाठी आपण काय करणार आहोत.

लग्नघरातला तो प्रश्न इतक्यात थांबणार नाही. कितवा नंबर, किती टक्के, हे आणखी पिढी-दोन पिढ्या विचारले जाईल. आईने त्या वेळी काय म्हणावे हे आपण तिला शिकवू शकतो, पण नुसती पढवलेली वाक्ये चारचौघांत टिकत नाहीत. मैदान मोजायला निघालेल्या मुलीच्या दोरीचे दुसरे टोक एखाद्या दिवशी त्या आईच्या हातात असले, गाठ कुठे मारायची यावर दोघींचा वाद झाला असला, आकडा चुकल्यावर दोघींनी पुन्हा पहिल्यापासून मोजले असले, तर मामाला काय सांगायचे हे तिला वेगळे शिकवावे लागणार नाही.